ट्रान्झिस्टरच्या आंकड्यांचा इतिहास

एखादें विद्युन्मंडल प्रत्यक्ष बांधण्यापूर्वीं संगणकावर त्याची परीक्षा पाहण्याची रीत आतां सर्वमान्य झाली आहे. या परीक्षेस ट्रान्झिस्टर स्वतः हजर नसतो. त्याच्या जागीं उभी असते ती कांहीं आंकड्यांची यादी. या आंकड्यांस प्राचलें म्हणतात. नवशिक्यास ही यादी गूढ वाटते. परंतु तिच्यांतील बहुतेक आंकड्यांमागें ट्रान्झिस्टरच्या एकेका दोषाच्या शोधाचा इतिहास आहे, आणि तो ध्यानांत घेतला कीं यादीचा अर्थ आपोआप उलगडतो.

१९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. १९५४ सालीं एबर्स व मोल यांनीं संधि-ट्रान्झिस्टरचें वर्तन थोडक्या समीकरणांत बसविलें. त्यांचा गाभा दोन आंकड्यांत आहे: संपृक्त प्रवाह आणि प्रवाहवर्धन. बेस व एमिटर यांमधील दाब सुमारें ६० मिलिव्होल्टांनीं वाढला कीं कलेक्टरचा प्रवाह दसपट होतो. हा चढ कोठून मोजावयाचा तें पहिला आंकडा सांगतो. बेसमधील प्रवाहाच्या कितीपट प्रवाह कलेक्टरमध्यें वाहतो, तें दुसरा.

खरा ट्रान्झिस्टर इतका आज्ञाधारक नव्हता. कलेक्टरवरील दाब वाढल्यास बेसची परिणामी जाडी घटते व स्थिर राहावयाचा प्रवाह वाढूं लागतो, हें जेम्स अर्ली यांनीं १९५२ सालींच दाखविलें होतें. प्रवाह फार वाढल्यास वर्धन कां घसरतें, याची मीमांसा वेब्स्टर यांनीं १९५४ त केली. अत्यल्प प्रवाहांत तें कां घटतें, यावर सा, नॉइस व शॉक्ले यांच्या १९५७ च्या लेखानें प्रकाश पडला. अखेर १९७० सालीं गुमेल व पून यांनीं बेसमधील विद्युद्भाराचा हिशेब मांडून हे मुख्य दोष एका चौकटींत आणले.

याच सुमारास बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत रोनाल्ड रोरर यांच्या विद्यार्थ्यांनीं मंडलांचें गणित करणारी एक आज्ञावली रचली होती. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखालीं लॉरेन्स नेगल यांनीं ती नव्यानें घडविली, आणि १९७३ च्या एप्रिलांत कॅनडांतील वॉटर्लू येथील परिषदेंत ती ‘स्पाइस’ या नांवानें पुढें आली. ती सर्वांस खुली असावी हा पेडरसन यांचा आग्रह होता. काळाची गरजही तशीच होती. सिलिकॉनच्या तुकड्यावर एकदां उमटलेलें मंडल डाग देऊन दुरुस्त करतां येत नाहीं.

गुमेल-पून यांच्या पद्धतीवर आधारलेल्या स्पाइसच्या नमुन्यांत सुमारें ४० प्राचलें आहेत. एखादें दिलें नाहीं, तर आज्ञावली अडून बसत नाहीं. ती स्वतःजवळचें मूल्य घेते. वर्धन न दिल्यास १०० धरलें जातें. अर्ली यांच्या नांवाचा दाब न दिल्यास तो अनंत मानला जातो. अंतर्गत रोध व संधींची धारिता शून्य मानली जाते. म्हणजे ज्या दोषाविषयीं आपण मौन बाळगलें, तो दोष नाहींच असें संगणक समजतो! अर्ली दाब १०० व्होल्ट असेल, तर १ मिलिअँपिअर प्रवाहास कलेक्टरकडील रोध सुमारें १ लक्ष ओहम भरतो, आणि त्यामुळें वर्धकाच्या सामर्थ्यास मर्यादा पडते. तो रकाना कोरा ठेवतांच ही मर्यादा कागदावरून नाहींशी होते. प्रत्यक्ष मंडलांत मात्र ती राहतेच.

भरलेली यादीही पूर्ण सत्य सांगत नाहीं. ‘टू-एन २२२२’ या प्रसिद्ध ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकांत १५० मिलिअँपिअर प्रवाहास वर्धन १०० ते ३०० यांमध्यें कोठेंही असूं शकेल असें म्हटलेलें असतें. नमुन्यांत मात्र एकच आंकडा लिहावा लागतो. म्हणून सुज्ञ रचनाकार यादींतील कोरे रकाने प्रथम पाहतो, आणि लिहिलेला आंकडा दोन्ही टोकांस नेऊन मंडल तग धरतें कीं नाहीं याची खात्री करून घेतो. पूर्वसूरींनीं एकेक करून शोधलेले दोष विसरून काढलेलें उत्तर कितीही रेखीव दिसलें, तरी तें जगांत नसलेल्या ट्रान्झिस्टरचें उत्तर असतें.