शिष्यवृत्ती आणि पाठीशी उभे राहिलेले हात

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये येथे झाला, म्हणून लोक त्याला जांब समर्थ म्हणतात. अक्षर कसे काढावे, ग्रंथ कसा लिहावा, याविषयी दासबोधात एक स्वतंत्र समास लिहिणाऱ्या संताचे हे गाव. परंतु गेल्या शतकाच्या पूर्वार्धात येथील एखाद्या शेतमजुराच्या मुलाला पदवी घ्यावीशी वाटली असती, तर त्याने जावे कोठे? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, इंटरमिजिएटपर्यंतचे सरकारी महाविद्यालय होते. पुढे हैदराबाद गाठायचे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू.

पैशाची अडचण सर्वांना दिसते. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याची दुसरी अडचण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोणता विषय घ्यावा, अर्ज कोठे करावा, नापास झाल्यास काय करावे, हे तो विचारणार कोणाला? आईबापांची माया कितीही असली तरी या प्रश्नांची उत्तरे त्यांच्यापाशी नसतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होते. मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच वाचत बसणारा शाळकरी भीमराव त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे वडिलांना महाविद्यालयाचा खर्च झेपेना, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याची गोष्ट पोहोचविली तीही केळुसकरांनीच. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला; परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्याला करून द्यावा लागला होता. महाराजांचे औदार्य इतिहासात नोंदले गेले, ते योग्यच. पण त्या बागेतील शिक्षकाच्या पारखी नजरेवाचून ते औदार्य योग्य दारी पोहोचले असते का, याची मला शंका आहे. १९५६ मध्ये आपल्या अखेरच्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना बाबासाहेबांनी दादा केळुसकरांचे आणि त्या भेटीचे स्मरण केले आहे.

१९४४ मध्ये भारत सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली; तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पैशाची वाट अशी काहीशी मोकळी झाली. तरीही ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. तेथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. अशी सोय ज्याने गरिबी भोगली आहे त्यालाच सुचते.

जून १९५० मध्ये सोसायटी औरंगाबादला आली आणि मराठवाड्याच्या खेड्यांना पदवीची वाट जवळ झाली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. मिलिंद हा भिक्षू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. ज्यांच्या वाडवडिलांना प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती, त्यांच्या मुलांसाठी याहून समर्पक नाव कोणते असू शकेल?

वसतिगृह होते, शिष्यवृत्ती होती. पण मिलिंदची खरी पुंजी तेथील शिक्षक. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि ते विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. जन्मभर खाली मान घालून उभे राहण्याची सवय लावलेल्या घरातील मुलगा शेकडो प्रेक्षकांसमोर मोठ्याने बोलू लागला, हे शिक्षण कोणत्या अभ्यासक्रमात बसवायचे? नंतरचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आले होते. त्यांनी आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांनी या मुलांना आपल्या जगण्याविषयी लिहावयास लावले. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. ज्यांच्या घरी पत्र वाचून घेण्यासाठी शेजारी जावे लागे, त्यांची मुले आता त्यात कविता छापू लागली. अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात याच मिलिंदचे विद्यार्थी. २००६ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.