मराठी ख्रिस्ती उपासनेतील सामान्य सभासदांची स्वयंसेवा : विदर्भ व वर्ध्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विदर्भातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास बहुतांशी मिशनरी, शाळा व रुग्णालये यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले, या नोंदी सर्वत्र आढळतात. मात्र रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचणारा, पेटी वाजविणारा, दानाची थैली फिरविणारा सामान्य सभासद या इतिहासात अभावानेच दिसतो. तो पाळक नसतो व या कामाचे वेतनही घेत नाही. उपासना नेमकी कोणाची, हा प्रश्न त्याच्या या साध्या कामाशी निगडित आहे.

सर्व विश्वासणारे याजकच होत, हे तत्त्व मार्टिन ल्यूथर यांनी सोळाव्या शतकात मांडले होते. प्रॉटेस्टंट मिशनांनी ते आपल्याबरोबर आणले खरे. परंतु येथील व्यवहार निराळा झाला. शास्त्रवाचन, धर्मशिक्षण व उपदेश ही कामे करणारे देशी ख्रिस्ती पुष्कळदा मिशनचे पगारी सेवक असत. 'बायबल बाई' हे पदही बहुधा सवेतनच होते. ही माणसे दीक्षित पाळक नव्हती. पण त्यांना स्वयंसेवकही म्हणता येत नाही. धर्मांतरानंतर घरदार व उपजीविका गमावलेल्यांना अशा नोकरीचा आधार होता, हे लक्षात घेतल्यास या व्यवस्थेला केवळ दोष देणे अन्यायाचे ठरेल. तथापि वेतन देणाऱ्याच्या हाती उपासनेचे स्वरूपही जात असे.

या चौकटीला आतून धक्का देणारे व्यक्तिमत्त्व म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). त्यांचा विदर्भाशी जवळचा संबंध होता. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे टिळक स्वतः सामान्य सभासद राहिले नाहीत. असे असूनही सामान्य सभासदाला उपासनेत वाणी देण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळ्यांना त्यांनी अभंग व भजने दिली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग टिळकांच्या आधीच सुरू झाला होता. कीर्तन एकट्याने होत नाही. कीर्तनकाराबरोबर मृदंग, पेटी व टाळ सांभाळणारे आणि मागे उभे राहून पद उचलणारे झीलकरी लागतात; श्रोताही टाळी वाजवून त्यात सामील होतो. वारकरी परंपरेत वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नव्हते. प्रवचनपीठासमोर स्तब्ध बसणाऱ्या समुदायाला या प्रकाराने पुन्हा काम मिळाले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना त्यात स्थान होते. वेतनत्यागाचा व मुक्तप्रवेशाचा हा योग आकस्मिक मानता येत नाही.

वर्धा जिल्ह्यात पाळकाविना उपासनेचा एक वेगळा नमुना दिसतो. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहावयास आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील सर्वधर्मप्रार्थना ही चर्चची उपासना नव्हती, हा भेद पुसून चालणार नाही. परंतु तिला पुरोहित नव्हता आणि अन्य धर्मांच्या प्रार्थनांबरोबर ख्रिस्ती गीतालाही त्या परंपरेत जागा होती. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा आणि सेवाग्रामला नई तालीमची धुरा वाहणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे दोघेही ख्रिस्ती, पण धर्मगुरू नव्हते. कुमारप्पांनी तुरुंगवासात येशूच्या शिकवणुकीवर लेखन केले व ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. हिशेबनीस म्हणून शिक्षण घेतलेला गृहस्थ शुभवर्तमानाचा अर्थ स्वतः लावतो, ही घटना ल्यूथरच्या तत्त्वाशी अधिक प्रामाणिक वाटते.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. त्यात मंडळीच्या कारभारात निर्वाचित सभासदांना स्थान मिळाले. कॅथलिक चर्चमध्ये हा बदल अधिक सावकाश झाला. १९७२ मध्ये वाचक व वेदीसेवक ही पदे सामान्य जनांसाठी खुली झाली, परंतु केवळ पुरुषांसाठी. १९८३ च्या धर्मसंहितेने स्त्रियांना तात्पुरत्या नेमणुकीने वाचनाची मुभा दिली. कायमस्वरूपी पद त्यांना जानेवारी २०२१ मध्ये मिळाले. तोपर्यंत स्त्रिया कित्येक वर्षे वेदीजवळ उभ्या राहून शास्त्रपाठ वाचतच होत्या.