भिकबाळीची जागा

आज झाशीला जायचं आहे, पण किल्ल्यावर नाही. आज बोलायचं आहे कानाविषयी.

१८५४ साली जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील राणी लक्ष्मीबाईंना भेटला. गंगाधरराव आदल्याच वर्षी वारले होते, डलहौसीने झाशी खालसा केली होती. मध्ये पडदा होता. लहानग्या दामोदररावाने तो सारला आणि लँगला राणी क्षणभर दिसली. त्याने लिहून ठेवलंय: साधं पांढरं मलमलीचं वस्त्र, आणि दागिना एकच, कानातली सोन्याची कर्णफुलं. बाकी सगळं उतरलं होतं, कान तेवढे राहिले होते.

१७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. त्यांच्यामागून मराठी घरं तिकडे स्थिरावली, ती आपले संस्कार घेऊनच. त्यातलाच एक कान टोचण्याचा. आपल्याकडे म्हणच आहे, सोनारानेच कान टोचावेत. का? कारण जागा चुकली तर दुखणं येतं, आणि हे सुश्रुताला पक्कं ठाऊक होतं. संहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय यावरच आहे. मूल मांडीवर घ्या, कान उन्हात धरा, पाळीत जिथून उजेड आरपार दिसतो तिथेच टोचा, मग तेलात भिजवलेली वात घाला. चुकीची शीर टोचली तर ताप, दाह, सूज. एका प्रकारात तर मान ताठते, झटके येतात. हे वाचताना मला धनुर्वातच आठवतो. जड दागिने, ओढाताण यांसारख्या कारणांनी पाळीला होणारे पाच विकारही त्याने वेगळे सांगितलेत.

उजेड दिसणारी ती जागा म्हणजे नुसती मऊ पाळी. तिथे कूर्चा नसते. आणि भिकबाळी? पेशवाईतला हा पुरुषी दागिना बसतो कानाच्या वरच्या भागात, थेट कूर्चेत. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. तिथे पू साठला की आवरण सुटतं, कूर्चा उपाशी मरते आणि कान कायमचा चुरगळतो.

चित्रपट-मालिकांमुळे भिकबाळी पुन्हा आली आहे, आणि आता सोनाराच्या तारेऐवजी बऱ्याच ठिकाणी टोचायचं पिस्तूल असतं. त्याच्या धक्क्याने कूर्चा चिरडू शकते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये २००० साली एका दुकानात वरचा कान टोचून घेतलेल्यांना स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग झाला. हे जंतू जंतुनाशकाच्याच बाटलीत सापडले होते!

भिकबाळी जरूर घाला, मला स्वतःला ती आवडते. फक्त निर्जंतुक पोकळ सुईने टोचणाऱ्याकडे जा. आणि एक खूण लक्षात ठेवा. वरचा कान लालबुंद, गरम, ठणकणारा, पण खालची पाळी मात्र नेहमीसारखी, असं दिसलं तर हळद-तेलात दिवस घालवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.