परसातील नावे आणि मुंबईचे बेट
गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथातील लोकभाषेच्या पुराव्याचा विचार

पिंपळगाव बसवंत या गावाच्या नावात झाड आहे. ज्या पिंपळावरून हे नाव पडले असेल तो पिंपळ ज्यांनी प्रथम पाहिला आणि त्याच्या आधाराने वस्तीला ओळख दिली, त्यांचे स्वतःचे नाव मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. महाराष्ट्रातील वडगाव, आंबेगाव, जांभूळपाडा ही नावेही याच जातीची होत. ग्रामनाम म्हणजे एका परीने सृष्टिनिरीक्षणाची नोंदच. परंतु ती सहीवाचून केलेली नोंद आहे. झाड टिकते, शब्द टिकतो, बोलणारा लोपतो. भाषेच्या इतिहासाची साधने शोधताना ही गोष्ट विसरून चालत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने सोळाव्या शतकातील एका ग्रंथाचा विचार करावयाचा आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यास आला. तो मूळच्या यहुदी, परंतु सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातील होता. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांप्रमाणेच अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे असल्यामुळे दख्खनच्या भाषा, वैद्य आणि औषधे यांचा त्याचा परिचय केवळ बंदरापुरता राहिला नाही. त्याचा ‘कोलोकिउश’ हा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. भारतात मुद्रणास 1556 साली प्रारंभ झाला हे ध्यानी घेता, या देशात छापलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना करावी लागते. रुआनो नावाच्या एका कल्पित पाहुण्याशी ओर्ता संभाषण करतो आणि एकेक फळ, मूळ व सुगंधी द्रव्य यांची चर्चा करतो, अशी ग्रंथाची रचना आहे.

ओर्ताला मुंबईचे बेट पोर्तुगीज राजाकडून खंडाने मिळाले होते. ज्या मुंबईत तो गलबताने उतरत असे ती आजची सलग भूमी नव्हे. खाड्यांनी परस्परांपासून तुटलेल्या बेटांचा तो समूह होता. भराव घालून ती बेटे पुढील शतकांत जोडली गेली. त्या बेटावरील आपल्या वर्षातून दोन वेळा फळणाऱ्या आंब्याचे त्याला मोठे कौतुक आहे. संवाद रंगात आलेला असताना बेटावरचा त्याचा कूळ सिमाव तोश्कानु आंब्यांची टोपली घेऊन येतो, आणि चर्चा पुस्तकावरून फळाकडे वळते. घारापुरीच्या लेण्यांचे वर्णनही याच ग्रंथात येते. तथापि ओर्ताची खरी दृष्टी दूरच्या प्रवासात नसून घराभोवतीच्या वस्तूंत आहे. दारातील झाड पाहावे, त्याचे फूल केव्हा उमलते व केव्हा गळते हे टिपावे, आणि येथील लोक त्याला काय म्हणतात ते विचारावे, ही त्याची पद्धती होय.

या पद्धतीमुळे भाषाभ्यासकाच्या हाती काय लागते, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण पारिजातकाचे. ओर्ता त्याला ‘दुःखी वृक्ष’ म्हणतो, कारण त्याची फुले रात्री उमलतात आणि सूर्य उगवताच गळून पडतात. गोव्यातील लोकांचे नाव तो ‘परिझाताको’ असे देतो. त्याबरोबर एक कथाही सांगतो. पारिजातक नावाच्या सरदाराची मुलगी सूर्यावर अनुरक्त झाली. सूर्याने तिचा त्याग केला. तिने प्राण दिला आणि तिच्या रक्षेतून हे झाड उगवले. फुलांच्या केशरी देठांनी अन्नास रंग आणीत, हेही तो नोंदवितो. पुढे 1753 साली लिनियसने वनस्पतीस जे शास्त्रीय नाव दिले त्यातही दुःखी वृक्षाची ही कल्पना टिकली. गोमंतकीय शब्द मात्र टिकला नाही. त्या शब्दातील ‘ज’ ओर्ताने ‘झेड’ या रोमन अक्षराने लिहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याने ऐकलेला उच्चार तालव्य नसून दंत्याकडे झुकणारा होता काय, असा प्रश्न यातून उपस्थित होतो. परंतु ग्रंथ मुद्रणदोषांनी भरलेला असून त्यास लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले होते. सबब एका अक्षरावर सिद्धांत उभारणे धोक्याचे आहे.

दुसरे उदाहरण फणसाचे. मलबारात त्याला ‘जाका’ म्हणतात, तर ‘कानारीं’ आणि गुजराती भाषांत ‘पनास’ म्हणतात, असे ओर्ता सांगतो. पोर्तुगीज लेखक ‘कानारीं’ हा शब्द गोव्याच्या लोकांना व त्यांच्या भाषेला लावीत असत. मराठीत आणि गुजरातीत आज ‘फणस’ आहे, कोकणीत ‘पणस’. मग ओर्ताने अल्पप्राण ‘प’ ऐकला, की महाप्राण ‘फ’ ऐकूनही पोर्तुगीज लेखनात त्यासाठी सोय नसल्यामुळे ‘प’ लिहिला? गोव्यापुरता त्याचा ‘प’ आजच्या कोकणीशी जुळतो. गुजरातीविषयी तसे म्हणता येत नाही. ज्याने शब्द उच्चारला तो माणूस कोठला होता, हे कळले असते तर निर्णय सुकर झाला असता.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. ओर्ताच्या संवादांत अंतोनिया नावाची दासी वारंवार येते. तिला हाक मारली की ती बी, पान किंवा फळ आणून देते. वस्तू तिच्या हाती आहे. पण त्या वस्तूला ती काय म्हणत होती, हे ग्रंथ सांगत नाही. नाव नोंदविणारा ग्रंथकार झाला. नाव पुरविणारे पुष्कळ जण पडद्याआड राहिले.

याहून वेगळा मार्ग शंभर वर्षांनी दिसतो. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रांवर वनस्पतींची नावे नागरी लिपीतही कोरलेली आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांचे 1675 सालचे प्रमाणपत्र आणि इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची साक्ष त्यात समाविष्ट आहे. ज्यांच्याकडून ज्ञान मिळाले त्यांची नावे, त्यांची भाषा आणि त्यांची लिपी ही तिन्ही येथे एकत्र मिळतात. भाषिक पुरावा म्हणून या ग्रंथाचे मोल यामुळेच अधिक आहे.

याचा अर्थ ओर्ताला दोषी धरावे असा नव्हे. गोव्याच्या मुद्रणालयात नागरी खिळे नव्हते. आणि स्वतः ओर्तालाही आपले मूळ लपवूनच जगावे लागले. 1568 साली तो निवर्तला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायपीठाने जाळले, आणि 1580 साली त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळण्यात आल्या. बोलणाऱ्यांना विस्मृतीने गाठले, लिहिणाऱ्याला अग्नीने.

पिंपळगावच्या परसात किंवा द्राक्षबागेच्या बांधावर आज जो पक्षी दिसतो त्याला कोणी भारद्वाज म्हणतो, कोणी कुंभारकावळा, तर कोणी सोनकावळा. याच निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर या पाणथळ क्षेत्राला 2020 साली रामसर यादीत स्थान मिळाले, आणि तेथील पक्ष्यांची गणना होऊ लागली आहे. त्यांच्या लोकनामांची नोंदही तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. ही नोंद करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शब्दापुढे चार गोष्टी अवश्य लिहाव्यात: बोलणाऱ्याचे नाव (त्याच्या संमतीने), त्याचे गाव, त्याचा व्यवसाय आणि ऐकल्याचा दिनांक. एका अंतोनियाने फळ आणून दिले आणि तिचा शब्द हरवला; ती चूक पुन्हा घडू देण्यास आज आपल्यापाशी कोणतीच सबब नाही.