‘बरोक’ ही संज्ञा आणि बरोक संगीतकारांचे स्थान

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तर त्यात कालखंडांची एक सुबक मांडणी आढळते. सुमारे १६०० ते १७५० हा बरोक कालखंड, त्यानंतर १८२० च्या सुमारापर्यंतचा अभिजात कालखंड व पुढे स्वच्छंदतावादी कालखंड. अध्यापनाच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची आहे यात शंका नाही. परंतु सोय म्हणून स्वीकारलेली संज्ञा हळूहळू वस्तुस्थितीची जागा घेऊ लागते आणि विद्यार्थी अशा थाटात लिहू लागतात, की जणू योहान सेबास्टियन बाख ‘बरोक संगीतकार’ म्हणूनच जन्मास आला व त्याच्या मृत्यूबरोबर ते युगही मिटले. वास्तविक ज्यांना आज आपण या नावाने ओळखतो त्यांपैकी एकानेही ते स्वतःस लावून घेतले नव्हते. हे नाव बाहेरून आले, उशिरा आले आणि प्रथम आले ते दूषण म्हणून. या संगीतकारांचे आजचे स्थान जितके त्यांच्या कृतींनी ठरविले, तितकेच ते नाव देणाऱ्यांनी व कागद जपणाऱ्यांनी ठरविले, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे आरंभ शब्दापासून करणे त्यास अधिक प्रशस्त वाटते.

‘बरोक’ या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. पहिलीप्रमाणे त्याचे मूळ पोर्तुगीज ‘बार्रोको’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ वेडेवाकडे, गोलाई नसलेले मोती. हा शब्द मुळात जवाहिऱ्यांच्या व्यवहारातला. त्याच्या जुन्या दाखल्यांपैकी एक आपल्या अगदी निकटचा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला. भारतातील वनस्पती व औषधी द्रव्ये यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि त्यातील मोत्यांविषयीच्या विवेचनात हा शब्द बेडौल मोत्यांना उद्देशून आलेला आहे. दुसऱ्या व्युत्पत्तीचे मूळ मध्ययुगीन तर्कशास्त्रात आहे. अनुमानाचे विविध प्रकार स्मरणात राहावेत म्हणून त्या काळच्या तार्किकांनी जी कृत्रिम नावे रचली, त्यांत ‘बारोको’ हे एक होते. त्यातील तीन स्वर तीन विधानांचे प्रकार दर्शवितात. पुढे या पंडिती खटाटोपाची टवाळी होऊ लागली, तेव्हा ‘बारोको’ हे किचकट व निष्फळ युक्तिवादाचे उपहासात्मक नाव बनले. रूसोने १७७६ मध्ये फ्रेंच विश्वकोशाच्या पुरवणीत हीच व्युत्पत्ती पुढे केली होती. एकाच ध्वनिरूपात दोन भिन्न कुळांचे शब्द मिसळून जाणे ही भाषेत विरळा घडणारी गोष्ट नव्हे, आणि येथेही तसे घडले असणे संभवते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की मोती घ्या वा तर्क घ्या, दोहोंत भाव एकच आहे: जे सरळ असावयास हवे होते ते वाकडे झाले आहे.

फ्रेंच अकादमीच्या १६९४ च्या कोशात या शब्दाचा प्रयोग केवळ मोत्यांपुरता सांगितला आहे. १७४० च्या आवृत्तीत ‘अनियमित, विचित्र’ हा लाक्षणिक अर्थ दाखल झालेला दिसतो. या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळातच शब्दाने संगीताच्या क्षेत्रात प्रवेश केला. १७३३ मध्ये पॅरिस येथे रामो याची ‘इपोलित ए आरिसी’ ही संगीतिका रंगभूमीवर आली आणि पुढील वर्षी एका नियतकालिकातील निनावी पत्रात तिच्या संगीतास ‘बरोक’ म्हणून हिणविण्यात आले. रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात या शब्दाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की ज्या संगीतात स्वरसंहती गोंधळलेली, विसंवादांनी लादलेली, गानपंक्ती अस्वाभाविक व स्वररचना कष्टसाध्य, ते बरोक. ही व्याख्या वाचताना तिचा कर्ता निःपक्षपाती साक्षीदार नव्हता हे ध्यानात ठेवले पाहिजे. पेर्गोलेझी याची ‘ला सेर्वा पाद्रोना’ ही छोटी विनोदी संगीतिका १७५२ मध्ये पॅरिसला सादर झाली व तिच्यावरून इटालियन आणि फ्रेंच संगीताच्या कैवाऱ्यांत मोठा वाद माजला. त्या वादात रूसो इटालियन पक्षाचा खंदा पुरस्कर्ता होता. तेव्हा त्याची कोशगत व्याख्या ही एका पक्षाने दिलेला निवाडा होय.

असाच निवाडा जर्मनीतही दिला जात होता. १७३७ मध्ये शायबे या समीक्षकाने बाखच्या संगीतावर आक्षेप घेतला, की ते फुगीर व गोंधळलेले आहे आणि कलाकुसरीच्या अतिरेकाने त्याचे स्वाभाविक सौंदर्य झाकोळून जाते. शायबेने ‘बरोक’ हा शब्द वापरलेला नाही. आरोप मात्र तोच आहे. यावरून असे दिसते, की १७३० नंतरच्या दशकात युरोपची अभिरुचीच पालटू लागली होती. सुबोध गानपंक्ती व हलकी साथ यांची नव्या पिढीस ओढ लागली होती. पेर्गोलेझीची उपर्युक्त कृती प्रथम नेपल्समध्ये सादर झाली ती १७३३ मध्येच, म्हणजे रामोच्या संगीतिकेच्याच वर्षी. दोन ‘कालखंड’ एकाच वर्षात शेजारी शेजारी नांदत होते. मग १७५० ही सीमारेषा आली कोठून? ती बाखच्या मृत्यूची तारीख आहे. टेलेमान १७६७ पर्यंत, रामो १७६४ पर्यंत आणि हेंडेल १७५९ पर्यंत हयात होते, या वस्तुस्थितीने त्या रेषेत काही फरक पडलेला नाही.

दूषणाचे कालनाम कसे झाले हा यापुढचा प्रश्न. हे स्थित्यंतर प्रथम संगीतात घडले नाही, स्थापत्याच्या व चित्रकलेच्या अभ्यासात घडले. १८८८ मध्ये वोल्फलिन याने प्रबोधन व बरोक या दोन शैलींची तुलना करणारा ग्रंथ लिहिला आणि शब्दातील निंदेचा भाव मागे पडून त्यास शैलीनामाचे रूप येऊ लागले. १९१९ मध्ये कुर्ट झाक्स याने एका निबंधाद्वारे ही कल्पना संगीताला लावली. १९२८ मध्ये रोबेर्ट हास याचा व १९४७ मध्ये मानफ्रेड बुकोफ्त्सर याचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर ती विद्यापीठांतून स्थिरावली. आता हा क्रम बाखच्या पुनरुज्जीवनाशी ताडून पाहावा. फोर्केलने लिहिलेले बाखचरित्र १८०२ चे. मेंडेल्सझोनने बर्लिन येथे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केले ते १८२९ मध्ये. बाखच्या समग्र कृती प्रकाशित करण्यासाठी संस्था स्थापन झाली ती १८५० मध्ये, आणि तिची आवृत्ती १८९९ मध्ये पुरी झाली. म्हणजे बाख पाश्चात्त्य संगीताच्या शिखरावर विराजमान झाला तो ‘बरोक’ हे नाव मिळण्यापूर्वीच. आधी थोर पुरुषांची निवड झाली व मग त्यांच्याभोवती युगाची भिंत बांधण्यात आली.

तथापि यावरून ही संज्ञा पोकळ आहे असे अनुमान काढणे घाईचे होईल. १६०० नंतरच्या दीडशे वर्षांच्या संगीतात काही समान सूत्रे खचितच आहेत. त्यांतील सर्वांत दृढ सूत्र म्हणजे ‘बासो कंतिनुओ’. रचनाकार सर्वांत खालची स्वरपंक्ती लिहून तिच्याजवळ अंक मांडीत असे आणि हार्पसिकॉर्ड अथवा ऑर्गन वाजविणारा त्या अंकांवरून उरलेले स्वरसमूह आयत्या वेळी भरीत असे. आलेख अपुरा ठेवून तो वादकाने पुरा करावयाचा, ही त्या युगाची लेखनपद्धतीच होती. दुसरे सूत्र म्हणजे शब्दाचे प्राधान्य. १६०० मध्ये आर्तूझी याने काही नव्या रचनांतील विसंवादांवर नियमभंगाचा ठपका ठेवला. त्या रचना मोंतेवेर्दीच्या होत्या. मोंतेवेर्दीने १६०५ मध्ये आपल्या माद्रिगालांच्या पाचव्या संग्रहात त्यास थोडक्यात उत्तर दिले आणि १६०७ मध्ये त्याच्या बंधूने त्या उत्तराचे सविस्तर भाष्य प्रसिद्ध केले. या नव्या मार्गाला मोंतेवेर्दीने ‘दुसरी रीती’ असे नाव दिले. तीत शब्द हा स्वामी व स्वरसंहती ही सेविका. या युगाने स्वतःस दिलेले एखादे नाव शोधावयाचे झाल्यास ते हेच होय. भाषेच्या अभ्यासकास ते विशेष अर्थपूर्ण वाटते, कारण पुढे प्रत्येक देशात गायनाची घडण त्या त्या भाषेच्या छंदाने ठरत गेली. फ्रेंच भाषेत शब्दाघात ठळक नसल्यामुळे लुलीने पठणगायनात तालाची मापे वारंवार बदलली. पर्सेलने इंग्रजी उच्चारांच्या लांबी-आखूडपणाला जागून स्वर बसविले. श्यूट्सने व्हेनिसमध्ये आत्मसात केलेली विद्या जर्मन बायबलच्या गद्यास लावली. जी चळवळ शब्द स्पष्ट व्हावा म्हणून सुरू झाली, तिच्याच वारसांवर शतकानंतर अस्पष्टतेचा आरोप यावा, यात अभिरुचीच्या इतिहासाचा एक मोठा धडा आहे.

आता या संगीतकारांच्या स्थानाकडे वळू. १७२२ मध्ये लाइपत्सिगच्या सेंट टॉमस चर्चमधील संगीतप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा नगरपरिषदेने प्रथम निवडला तो टेलेमान. त्याने नकार दिला. नंतर निवड झाली ग्राउपनरची. त्यास त्याच्या धन्याने सोडले नाही. मग १७२३ मध्ये ती जागा बाखला मिळाली. ही गोष्ट नगरपरिषदेच्या अरसिकतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु त्या काळच्या प्रतिष्ठेचे माप लावले तर परिषदेचा निर्णय समंजसच ठरतो. टेलेमानची ख्याती देशभर पसरलेली होती. बाख ऑर्गनवादक म्हणून विख्यात होता, पण त्याच्या फारच थोड्या रचना छापल्या गेल्या होत्या.

पुढील शतकात पारडे फिरले. जर्मन राष्ट्राभिमानाचे मानचिन्ह म्हणून बाख उंचावला गेला आणि त्याच मापाने टेलेमान उथळ व अतिप्रसव ठरविण्यात आला. बाखच्या नावावर नोंदल्या गेलेल्या काही कॅन्टाटा वस्तुतः टेलेमानच्या आहेत असे नंतर सिद्ध झाले. मुखपृष्ठावरील नाव बदलताच कृतीचे मोल बदलत असेल, तर ते मोल केवळ स्वरांचे नव्हते हे उघड आहे. विवाल्डीची कथा आणखी बोलकी आहे. १७२५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे छापलेल्या संग्रहातून त्याचे ऋतुविषयक चार कॉन्चेर्तो युरोपभर गेले. तरुण बाखने त्याच्या अनेक कॉन्चेर्तोंची रूपांतरे करून त्यांच्या घडणीचा अभ्यास केला. तरीही १७४१ मध्ये व्हिएन्ना येथे तो निर्धनावस्थेत वारला आणि जवळजवळ विस्मृतीत गेला. १९२६ मध्ये इटलीतील एका मठसंस्थेच्या संग्रहात त्याच्या हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला व पुढे तो तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आला, तेव्हा कोठे त्याच्या कार्याचा खरा विस्तार कळला. बार्बारा स्ट्रोत्सी हिने १६४४ ते १६६४ या काळात व्हेनिसमध्ये आपल्या रचनांचे आठ संग्रह छापले. पाठ्यक्रमात मात्र तिला विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली. तिचे बहुतेक कागद हरवले नव्हते, ते कोणी उघडले नव्हते इतकेच. याउलट हेंडेल इंग्लंडमध्ये कधीच विस्मृतीत गेला नाही. १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याच्या स्मरणार्थ थाटाचा महोत्सव झाला होता. बाखही ‘पूर्ण विसरला गेला व मग सापडला’ हे म्हणणे अर्धसत्यच आहे. त्याच्या क्लाविअर-रचना हस्तलिखितांतून फिरत होत्या. बॉनमधील बालवयीन बेटहोव्हेन त्या वाजवीत असे आणि मोझार्टने १७८२ मध्ये व्हिएन्नात त्यांचा अभ्यास केला होता.

शेवटी आपल्या भाषेतील एका अडचणीचा उल्लेख करणे अवश्य आहे. इंग्रजी ‘क्लासिकल’ या शब्दासाठी मराठीत ‘शास्त्रीय’ व ‘अभिजात’ असे दोन शब्द रूढ आहेत. मूळ लॅटिन विशेषण रोमन नागरिकांच्या सर्वांत वरच्या वर्गाचे वाचक होते. म्हणजे त्यात प्रतवारीचा अर्थ आहे आणि ‘अभिजात’ या शब्दात त्याची छाया उतरते. ‘शास्त्रीय’ या शब्दाने मात्र नियमबद्ध विद्येचा बोध होतो. हा भेद येथे उपयोगी पडतो. शास्त्राच्या दृष्टीने पाहता हे संगीतकार केंद्रस्थानी आहेत. रामोचा स्वरसंहतीवरील ग्रंथ १७२२ चा, बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’चा पहिला भागही त्याच वर्षीचा, आणि फुक्स याचा काउंटरपॉइंटवरील ग्रंथ १७२५ चा; या शेवटच्या ग्रंथावरच हायडनने स्वतःस घडविले. ज्या रामोच्या संगीतावर स्वरसंहती गोंधळल्याचा आरोप झाला, त्यानेच त्या विषयाचे शास्त्र सांगितले होते. अभिजातांच्या पंक्तीत मात्र या मंडळींना एकेक करून, वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या कारणांनी प्रवेश मिळाला.

यास्तव ‘बरोक’ ही संज्ञा टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती आता रूढ आहे आणि रूढ शब्दाशी भांडून भाषेत फारसे काही साधत नाही. अभ्यासकाने मात्र तीन प्रश्न सदैव पृथक् ठेवावेत: त्या रचनाकाराचे स्वतःच्या काळी स्थान काय होते, पुढील पिढीने त्यास कोणत्या हेतूने उचलले वा टाकले, आणि आज त्याचे जे स्थान आहे ते कोणत्या कागदांवर व कोणत्या संस्थांवर उभे आहे. या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देणारा प्रबंध इतिहासाचा राहत नाही, तो गौरवग्रंथ होतो. गोव्यात छापलेल्या त्या ग्रंथातील बेडौल मोतीही मोतीच होते. फक्त त्यांचे मोल व्यापाऱ्यांच्या मापाने ठरत होते, एवढे विसरू नये.