आजीच्या पिवळ्या कुड्या

परवा ताई, भाची आणि मी अशा तिघीजणी सराफाकडे गेलो होतो. मे महिन्यात भाचीचं लग्न आहे आणि तिला कानात एकेकच हिरा हवाय, सुटसुटीत, रोज ऑफिसला घालता येईल असा. ताईनं पर्समध्ये आजीच्या हिऱ्याच्या कुड्याही घेतल्या होत्या. मोडीत घालायला.

या कुड्यांची आमच्या घरात एक जुनी कथा आहे. अप्पांनी, म्हणजे आजोबांनी, त्या १९४१ साली घेतल्या. पुढे कुठल्याशा मुंजीत आजीच्या धाकट्या बहिणीच्या कुड्या शेजारी आल्या आणि आजीच्या पिवळट दिसल्या. झालं! 'अप्पांना सराफानं फसवलं' हे तेव्हापासून घरातलं ब्रह्मवाक्य. आजी सणासुदीला त्या घालायची, पण कानांवरून केस घेऊन. अप्पा त्यावर कधीच काही बोलले नाहीत.

तर दुकानात सराफानं आधी भाचीसमोर तीन जोड्या मांडल्या. एक 'ई', एक 'एच', एक 'जे'. तिघींना तिन्ही सारख्याच दिसल्या! मग त्यानं हिरे पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथे ठेवले, तेव्हा कुठे 'जे'मध्ये लिंबाच्या सालीचा भास झाला. रंग असाच तपासतात, हिरा पालथा घालून, बाजूनं, नमुन्याच्या खड्यांशी ताडून. कारण सुलट्या हिऱ्याचं तेज रंग लपवतं. आणि कानातला हिरा काय, समोरचा माणूस हातभर अंतरावरूनच बघणार. म्हणून कुडीजोडीत अक्षरापेक्षा दोन्ही खडे एकमेकांसारखे असणं महत्त्वाचं. पिवळ्या सोन्यात तर 'जे'-'के' सहज खपून जातात. (आणि हो, 'एक कॅरटची जोडी' म्हणजे दोन्ही मिळून एक. विचारून घ्या!)

घरी आल्यावर या अक्षरांच्या मागे लागले. हिऱ्यात नायट्रोजनचे अगदी थोडे अणू अडकले की पिवळी झाक येते, एवढंच त्याचं गुपित. पण रंगावरून प्रत लावायची खोड मात्र फार जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत कुठल्या वर्णाला कुठल्या रंगाचा हिरा शुभ तेही सांगून ठेवलंय. सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या खाणींवर आला होता. त्यानं लिहिलंय की इथले लोक हिरा रात्री पारखतात, भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून. आणि निळसर, 'आकाशी' पाण्याचा हिरा सगळ्यात वाईट मानतात. तो ओळखायला दाट झाडाच्या हिरव्या सावलीत न्यायचा. पाणी हा आपला शब्द किती नेमका आहे, नाही?

१८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि बाजाराची भाषा बदलली. नदीच्या वाळूतले शुभ्र ते 'रिव्हर', वेसल्टन खाणीच्या नावावरून 'वेसल्टन', आणि पिवळट ते 'केप'. कारण ते केप प्रांतातून येत. अमेरिकेत दुकानदार आपापल्या मर्जीनं ए, डबल ए, ट्रिपल ए म्हणत. हा गोंधळ मिटवायला जीआयए या संस्थेत रिचर्ड लिडिकोट यांनी १९५३ साली 'डी' ते 'झेड' अशी पट्टी आणली. 'डी'पासून का? तर जुन्या 'ए'-'बी'-'सी'शी गल्लत नको म्हणून.

'केप' हा शब्द वाचला आणि मी थांबले. कुठेतरी पाहिला होता...

ताईला फोन केला. कुड्यांच्या डबीत, मखमलीखाली, चार घड्यांची पावती आहे. लहानपणी आम्ही ती दुकान-दुकान खेळताना वाचायचो. ताईनं चष्मा लावून वाचली : 'हिरे नग १४, केप.' इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, ती दुकानाची काहीतरी खूण असेल.

म्हणजे सराफानं लपवलं नव्हतं. पिवळट आहेत हे लिहून दिलं होतं. अप्पांना बहुधा परवडण्यासारखे तेच होते. ते फसले नव्हते, त्यांनी निवडले होते. मग कधी बोलले का नाहीत? 'मला पांढरे परवडत नव्हते' हे म्हणण्यापेक्षा 'मी फसलो' हे ऐकून घेणं त्यांना सोपं गेलं असेल का? की आजीला बहिणीपुढे कमीपणा नको म्हणून? आता विचारायला दोघंही नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाचीनं 'एच'ची जोडी घेतली. कुड्यांचं काय, असं सराफानं विचारलं. बसवलेल्या खड्यांचा रंग पक्का जोखता येत नाही, पण 'एल'च्या आसपास असावेत, मोडीत फार येणार नाहीत, असं तोच म्हणाला होता. ताईनं डबी पुढे सरकवण्याआधीच भाची म्हणाली, "आई, या मोडायच्या नाहीत. फक्त फिरक्या बदलून दे."

लग्नात ती त्या घालणार आहे. अंबाडा घालून, कान मोकळे ठेवून.