घरातल्या वयस्कांसाठी सरकारी मदत : भंडारा जिल्ह्यात अर्ज करण्याआधी काय तयारी करावी

अम्मीला लकवा मारला, एक बाजू गेली. अब्बूंना दिसत नाही, रात्री उठवायला माणूस लागतो. मुलगा नागपूरला किंवा मुंबईला मजुरीवर, घरी सून एकटी. अशा घरांतून एकच प्रश्न येतो : घरी सांभाळण्यासाठी सरकार काही देते का?

सरळ उत्तर असे, की एका अर्जात सगळे मिळेल अशी योजना आपल्याकडे नाही. जपानमध्ये २००० सालापासून म्हातारपणाच्या देखभालीचा वेगळा विमा आहे, आपल्याकडे तसा नाही. आपल्याकडे मदत तुकड्यातुकड्यांत आहे. महिन्याचे अनुदान तहसील कार्यालयातून, दवाखान्याचा खर्च आरोग्य खात्याकडून, काठी-चष्म्याचे पैसे समाजकल्याणकडून, आणि मुले पाहत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद. तुकडे जोडण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

महिन्याचे अनुदान

६५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याच अर्जावर इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतनही जोडले जाते. ६५ च्या आतले निराधार, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. रक्कम महिन्याला १५०० रुपये. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २०२५ मध्ये सरकारने २५०० केली, आणि ही वाढ श्रावणबाळमधल्या दिव्यांगांनाही आहे. म्हणून लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे दिव्यांग प्रमाणपत्र काढणे फुकट जात नाही. यूडीआयडीची नोंदणी ऑनलाइन करावी, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. अपंगत्व किमान ४० टक्के लागते. हेच कार्ड ग्रामपंचायतीतही दाखवावे, कारण ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. हे विचारायला फार कमी लोक जातात.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या खालाजानांसाठी एक सूचना. ती योजना वयाच्या ६५ पर्यंतच आहे. पुढे श्रावणबाळ आपोआप लागू होत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो, आणि अट बरीच कडक आहे. लाडकी बहीणला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते, श्रावणबाळला मात्र २१ हजारांपर्यंतच. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. आजच्या महागाईत ही मर्यादा म्हणजे थट्टाच आहे, पण नियम तोच आहे आणि बहुतेक अर्ज इथेच अडतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, तलाठ्याच्या चौकशीनंतर मिळतो. खोटे उत्पन्न लिहून देऊ नका. पुढे तपासणीत अनुदान बंद होते आणि वसुलीही निघू शकते.

नावाचा घोळ

आपल्या घरांत खरी अडचण इथे आहे. आधारवर "शेख रहीमाबी शेख करीम", रेशनकार्डावर "रहिमा बेगम", मतदार यादीत "रहेमाबी करीम शेख", बँकेत आणखी चौथेच. घरात सगळ्यांना ठाऊक असते की ही एकच दादी आहे, पण संगणकाला चार बायका दिसतात. "बी", "बेगम", "खातून" कुठे लागले, कुठे गळले, शेख-सय्यद आधी की नंतर, हे अर्ज भरण्याआधी एका कागदावर मांडून पाहा. आधी आधार ठीक करा, मग बँक, मग रेशनकार्ड, त्याच क्रमाने. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्यावा. त्याला वेळ लागतो, म्हणून ६५ पूर्ण व्हायच्या आधीच हे काम उरकलेले बरे.

वयाचेही तसेच. जुन्या लोकांची जन्मतारीख बहुतेक १ जानेवारी टाकलेली असते, आणि आधारवर ६१ तर मतदार यादीत ६८ असा फरक निघतो. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा हाती पक्का पुरावा असल्याशिवाय ती संधी वाया घालवू नका. शाळेत गेलेले असतील तर शाळा सोडल्याचा दाखला शोधा. उर्दू शाळांची जुनी रजिस्टरे बऱ्याच ठिकाणी अजून आहेत. काहीच नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला घेता येतो.

१५ वर्षे महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावाही लागतो. बालाघाट, सिवनीकडून लग्न होऊन आलेल्या बायकांची इथे पंचाईत होते, कारण माहेरची कागदपत्रे मध्य प्रदेशची. जुनी मतदार यादी, जुने रेशनकार्ड, घरटॅक्सच्या पावत्या जपून ठेवा. विधवा असतील तर पतीचा मृत्यू दाखला लागेलच. कब्रस्तानची नोंद त्याला चालत नाही, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा दाखला हवा.

अर्ज आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत द्यावा. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर, सातही ठिकाणी ही शाखा आहे. पोच घेतल्याशिवाय निघू नका. उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरची गरज नाही, साध्या कागदावर स्वसाक्षांकित चालते. "समितीत बसवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

ज्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या त्यांनी आणखी एक पाहावे. विडी कारखान्यात पीएफ कापला गेला असेल तर पेन्शनचा हक्क असू शकतो. जुने कार्ड, पासबुक पेटीत शोधा.

दवाखाना आणि साहित्य

७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे आणि तिला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पण फक्त भरती झाल्यावर आणि यादीतल्या रुग्णालयात. घरी लागणारे डायपर, मालिश, सांभाळणारी बाई यासाठी यातून पैसे मिळत नाहीत. हे आधीच समजून घ्या.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वरच्यांना, कुटुंबाचे उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशा साहित्यासाठी एकदाच ३००० रुपये खात्यात येतात. अर्ज समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे.

मुले पाहत नसतील तर

हे लिहायला बरे वाटत नाही, पण आपल्या मोहल्ल्यांतही अशी घरे आहेत. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यासमोर अर्ज करता येतो. तो मजहबावर अवलंबून नाही. निर्वाह महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत ठरवता येतो, वकील लागत नाही, आणि स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. आधी समजोत्याचा प्रयत्न होतो. ज्यांना औलाद नाही ते, आपली मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे जाणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागू शकतात.

हिबा करून घर मुलाच्या नावे करणाऱ्यांनी विशेष जपावे. या कायद्याच्या कलम २३ नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास रद्द होऊ शकते. पण ती अट होती हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असे म्हटले आहे. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावा असेही सांगितले, तरी तोंडी हिब्यावर विसंबू नका. घर देण्याआधी जाणत्या वकिलाकडून कागद करून घ्या, आणि मरेपर्यंत राहण्याचा हक्क त्यात लिहून घ्या.

घरी छळ होत असेल, वृद्धाश्रमाची माहिती हवी असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ ही मोफत आहे.

शेवटी बँकेचे. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते. खाते एनपीसीआयला जोडलेले आहे का हे बँकेत विचारून घ्या. नुसते केवायसी केले म्हणजे ते जोडले गेले असे नाही. संयुक्त खाते टाळा. एटीएम कार्ड नातवाच्या खिशात असते आणि दादीला किती आले हे कळतच नाही, असेही होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणावरच्या माणसाला बँकेत उचलून न्यायच्या आधी तलाठ्याला आणि बँकेच्या मॅनेजरला घरी येऊन पाहण्याची विनंती लेखी द्या. मशिदीच्या कमिटीतला एखादा लिहिता-वाचता तरुण हे काम जुम्याच्या नमाजनंतर अर्ध्या तासात दहा घरांचे करून देऊ शकतो.